मच्छीबाजारातली शरणागती

मागच्या मे महिन्यात मी शरण गेले. वय वर्षं सदुसष्ट, ठिकाण अंधेरीतला आमच्या घराजवळचा मच्छीबाजार, वेळ रविवार सकाळ. माझ्या बाजूने नवरा आणि नात हजर होते. दोघंही मदतीला नव्हे, मजा बघायला आले होते. समोर एक कोळीण. आमचं युद्ध चाळीसेक वर्षं चाललं होतं. सुरू मी केलं होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी दुपारी जेवायच्या आत हरलेही होते. ते कबूल करायला एवढा वेळ लागला इतकंच.

त्या वेळी मी नवी नवरी होते. लग्न होऊन परळच्या चाळीतून अंधेरीला आले होते, तेही चार मजल्यांच्या, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगीत. लिफ्ट बहुतेक बंद असायची, पण होती. माझे वडील गिरणीत होते आणि मूळ गाव कोकणात. तेवढ्या भांडवलावर मी बिल्डिंगीत जाहीर करून टाकलं की माशातलं कुणी मला काही शिकवू नये. आमच्या रक्तातच आहे ते. वास्तविक माझं कोकण म्हणजे मे महिन्यातले पंधरा दिवस, आणि त्यातले आठ करवंदं खाऊन पोट बिघडण्यात जायचे. पण ऐन पंचविशीत माणसाला आपल्याबद्दल जे वाटतं ते खरंच वाटतं. मी केसांत हा एवढा मोठा अबोलीचा गजरा माळायचे आणि बाजारात निघताना गॉगल लावायचे. मासे घ्यायला गॉगल! आज मला तशी कुणी मुलगी भेटली तर मी तिच्या मागे मागे चालत जाईन, नुसतं हसायला.

तर एका रविवारी शेजारच्या दोघी मला म्हणाल्या, "तुला कळतं ना मासळीतलं, चल आमच्याबरोबर." झालं. मी पुढे, त्या मागे. बाजारात शिरल्या शिरल्या कोपऱ्यावर एक कोळीण बसायची. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. ती नुकतीच पाटी मांडून बसली होती, गळ्यात सोनं, अंबाड्यात फूल, आणि पाटीत पापलेटं. भवानीची वेळ. म्हणजे दिवसाची पहिली विक्री व्हायची होती. त्या वेळी गिऱ्हाइकाने माल हातात घेऊन नावं ठेवत निघून जाणं म्हणजे विकणाऱ्याच्या अख्ख्या दिवसाला दृष्ट लावणं. हे मला माहीत होतं. त्या वेळीही माहीत होतं.

आता एक कबुली द्यायला हवी. आमच्या परळच्या घरात पापलेट कधी आलंच नव्हतं. गिरणीच्या पगारात बांगडा यायचा, मांदेली यायची, पावसात सुकट. बांगड्याचं गालफड उघडून आत लालभडक दिसलं की तो ताजा, एवढी माझी विद्या. ती मी त्या दिवशी पापलेटाला लावली. एक चांगलं ताटलीएवढं पापलेट उचललं, दोघी बघतायत ना याची खात्री केली आणि गालफडापाशी अंगठ्याने दाबलं. आतून पांढरं पाणी आलं. लाल काही दिसेना.

"शिळं आहे!" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. माझा आवाज मुळात चाळीतला. गिरणीच्या भोंग्यावरून मुलांना हाका मारणाऱ्या बायकांत तयार झालेला. "पांढरं पाणी येतंय बघा! बर्फातलं आहे सगळं. चला गं."

कोळीण उठून उभी राहिली. "काय गो बोलतंस? पांढरा पानी म्हनजे ताजा! पाप्लेट कधी खाल्लंस का तू?"

प्रश्न इतका बरोबर होता की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पापलेट पाटीत टाकलं आणि गॉगल सावरत निघाले. दोघी माझ्या मागे. आजूबाजूला उभी असलेली आणखी तीनचार गिऱ्हाइकंही पुढे सरकली. दहा पावलांवर दुसरी कोळीण बसायची, तिच्याकडून आम्ही सुरमई घेतली. मी मुद्दाम पिशवी उघडी ठेवून कोपऱ्यावरून परत आले.

घरी सासूबाईंना सगळं रंगवून सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या.

"पांढरं पाणी आलं?"

"हो! चांगलं पांढरंशुभ्र."

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "पापलेटाचं पांढरंच येतं. लाल आलं तर टाकायचं. संध्याकाळी जा आणि तिला दोन शब्द बोलून ये."

संध्याकाळी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडा झाला, आणि आठवडा झाल्यावर कसं जाणार? नंतर सासूबाईही विसरल्या. म्हणजे मी तसं समजून घेतलं. पण शेजारच्या दोघी काही विसरल्या नाहीत. त्यांनी बिल्डिंगभर केलं, "कोपऱ्यावरची शिळं विकते. आपल्या कोकणातल्या सूनबाईंनी पकडलं." कितीतरी वर्षं आमच्या बिल्डिंगीतली एकही बाई तिच्या पाटीपाशी थांबायची नाही. नव्या भाडेकरणींनाही आधी हेच सांगितलं जायचं. मी ते ऐकायचे आणि गप्प बसायचे. लोक तज्ज्ञ म्हणून माझ्याकडे बघायचे, ते मला आवडायचं. यात हसण्यासारखं काही नाही, म्हणून पटकन पुढे जाते.

युद्धाचे नियम आपोआप ठरले. मी कोपऱ्यावरून गेले की ती माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणायची, "चला, पांढरा पानी, पांढरा पानी!" मी तिच्यासमोरून दुसरीची पिशवी मिरवत जायचे. अशी आमची मुलं मोठी झाली, लग्नं झाली, तिची सून तिच्या शेजारी बसू लागली. माझे गुडघे दुखायला लागल्यावर आठवड्यातून एकदा, रविवारी, आमचे हे बाजारात जाऊ लागले. गंमत म्हणजे रविवारचा मासा नेहमी जास्त चांगला असायचा. मी पानावर बसून म्हणायचे, "बघितलंत? मी शिकवलं म्हणून. आता कसा डोळा तयार झालाय तुमचा." हे खाली मान घालून काटे काढत राहायचे.

मग मागच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, माझी ती दहा पावलांवरची कोळीण मांदेली साफ करता करता म्हणाली, "कोपऱ्यावरची म्हातारी आता बंद होनार. येत्या रविवारी शेवटचं. पावसासाठी होड्या वर ओढल्या की ती काय परत येत नाय. पाय गेले तिचे. नारळी पुनवेनंतर सूनच बसंल."

मी घरी आले ते मांदेली विसरूनच. पैसे दिले आणि पिशवी तिथेच. आतापर्यंत मला नेहमी वाटायचं, सांगू कधीतरी. ती कोपऱ्यावर आहे, मी इथे आहे, जाईन एखाद्या दिवशी. आता हातात पाच दिवस होते. त्यानंतर ती वेसाव्यातल्या कुठल्याशा गल्लीत जाऊन बसणार, आणि मी शिळं म्हणाले ते तसंच राहणार.

त्याच आठवड्यात आमची नात घरात तणतणत होती. ती अकरा वर्षांची आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सुट्टीतलं शिबिर होतं, तिथे प्रत्येक गटाला एकेका देशाच्या स्वातंत्र्याची गोष्ट नाटकात करायची होती. हिच्या गटाला अमेरिका आली. इंग्रजांचं सैन्य यॉर्कटाउनला वेढलं जातं, त्यांचा सेनापती शरण येतो आणि युद्ध संपतं, असा शेवटचा प्रवेश. हिला काम मिळालं होतं सेनापतीच्या हाताखालच्या माणसाचं.

"तलवार तर तुझ्याच हातात आहे ना?" मी विचारलं.

"हो, पण द्यायलाच आहे ती! आणि आज्जी, तुला माहितीये, खरा जनरल आलाच नाही. त्याने सांगितलं, मला बरं नाही. तंबूत बसून राहिला आणि ह्याला पाठवलं."

मी भाजी चिरायची थांबले. "खरंच बरं नव्हतं?"

"कसलं गं! लाज वाटत होती."

"हुशार माणूस," मी म्हणाले.

"आज्जी!"

"मग पुढे काय झालं?"

पुढे जे झालं ते तिने तलवारीऐवजी लाटणं घेऊन करून दाखवलं. हा हाताखालचा माणूस तलवार घेऊन गेला तो आधी अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच सेनापतीकडे. अमेरिकन माणसाला द्यायला जिवावर आलं म्हणून. फ्रेंच सेनापतीने बोट दाखवलं, तिकडे. मग हा अमेरिकन सेनापतीकडे गेला. तो म्हणाला, तुमचा साहेब आला नाही ना, मग मीही घेणार नाही, माझ्या हाताखालच्या माणसाला दे. मग तिसऱ्याने घेतली.

"आणि त्या तंबूतल्याला काय शिक्षा झाली?"

"शिक्षा? नंतर त्याला इंडियात पाठवलं. सगळ्यात मोठा साहेब करून!"

हे ऐकून मला एकदम धीर आला. इतकं मोठं युद्ध हरून, तंबूत लपून, वर बढती! मग माझ्या एका पापलेटाचं काय घेऊन बसलात.

बुधवारी सकाळी मी पांघरूण घेऊन पडले. ह्यांना म्हणाले, "अहो, माझं डोकं चढलंय. कोपऱ्यावरच्या त्या कोळणीला हे आंबे देऊन या. गावच्या पेटीतले बारा काढलेत. तिला सांगा, तेव्हा चूक झाली होती, मनावर घेऊ नका म्हणावं."

"कोपऱ्यावरच्या?" ह्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकून गेलं. मला वाटलं घाबरले. "मीच जाऊ?"

"मला बरं नाहीये ना!"

नात दारात उभी होती. तिच्या भुवया थेट केसांत गेल्या होत्या. हे निघाले तशी तीही चपला घालून मागे.

अर्ध्या तासाने दोघं परत आले. नात हसून हसून सोफ्यावर कोसळली होती, तिला बोलता येईना. शेवटी ह्यांनीच सांगितलं. बाजारात गेल्यावर त्यांना कोपऱ्यावर जायचा धीर होईना, म्हणून ते आधी माझ्या नेहमीच्या कोळणीकडे गेले आणि पिशवी पुढे करून म्हणाले, "चूक झाली होती, मनावर घेऊ नका." ती बिचारी चक्रावली. मग तिला प्रकार कळला आणि तिने कोयत्यानेच दाखवलं, "ती तिकडं हाय."

"आणि ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली," नात उठून बसली, "'आजारी हाय? मग बरी झाली की येवंदे.' आणि पिशवीला हातसुद्धा लावला नाही. सुनेला म्हणाली, 'तू घे गो. तिनं नवऱ्याला धाडलाय, मग माझी सून घेईल.' आज्जी, सेम टु सेम! मी लाटणं घेऊन केलं ना, तस्संच! आणि आजोबांना म्हणाली..."

"बास," हे म्हणाले.

"काय म्हणाली?"

"आजोबांना म्हणाली, 'काका, आज बुधवारी कसे? तुमचा रविवार ना?'"

मी पांघरूण बाजूला केलं. डोकं अगदी स्वच्छ झालं होतं.

"तुमचा रविवार म्हणजे?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "अगं, तिचा मासा चांगला असतो."

"किती वर्षं?"

"तू पाठवायला लागलीस तेव्हापासून. तू दुसरीकडून आणायला सांगायचीस, पण मला त्यातलं काही कळत नाही. ही निवडून द्यायची. माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते ती."

म्हणजे जवळजवळ वीस वर्षं दर रविवारी मी माझ्या शत्रूचाच मासा खात होते. नुसता खात नव्हते, त्याची तारीफ करत होते. आणि ह्यांचा डोळा मीच तयार केला म्हणून स्वतःची पाठ थोपटत होते. त्या पंचविशीतल्या गॉगलवालीला मी उगाच हसते. सत्तरीकडे झुकलेलीही तिच्याच बरोबरीची निघाली. मी ह्यांच्यावर चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही, आधी हसूच आलं. मग थोडं रडूही आलं, पण ते मी कांदा चिरायला घेऊन निभावलं.

"आज्जी," नात जवळ येऊन म्हणाली, "आमच्या नाटकात जो मुलगा जनरल झालाय ना, तो शेवटपर्यंत पडद्यामागे बसून असतो. त्याला कुणी बघतच नाही. तो कालपासून रडतोय, मला दुसरं काम द्या म्हणून."

मी शनिवारपर्यंत विचार केला. म्हणजे विचार कसला, कारणं शोधली. गुडघा, ऊन, आता काय उपयोग. पण सगळी कारणं संपली आणि रविवार आला.

बाजारात त्या दिवशी गर्दी होती. मासेमारी बंद व्हायच्या आधीचा रविवार, सगळी अंधेरी पिशव्या घेऊन उतरलेली. ती कोपऱ्यावर स्टुलावर बसली होती. पूर्वी पाटावर बसायची. जाड भिंगाचा चष्मा, केस पांढरे, अंबाड्यात मात्र फूल. सून पुढे कापत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते घरून पाठ करून आले होते, त्यातला एक शब्द आठवेना.

तिने मान वर केली. जाड भिंगांतून मला न्याहाळलं.

"बरी झालीस?"

"हो."

"मंग? काय पाहिजे?"

"काही नको," मी म्हणाले. "सांगायचं होतं. तुमचं पापलेट ताजं होतं."

"कंचा पाप्लेट?"

"तुम्हाला माहितीये कंचा!"

सून फिसकन हसली. म्हातारीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि ती परत कापायला लागली.

"तुला कधी कलला ता?"

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "दुपारी. सासूबाईंनी सांगितलं."

हे मात्र तिला माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ती चालती हो म्हणणार, आणि तिने म्हटलं असतं तर चुकीचं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मना वाटला तुला कलतच नाय. अडानी पोर हाय म्हनून सोरून दिला होता मी. तुला कललेला होता?"

"हो."

"आनि तुमच्या बिल्डिंगची एक बाई आयली नाय माज्याकडे. किती वर्सां."

"हो."

आमचे हे मागे उभे होते, नातीने माझा पदर धरला होता. ती लहान असतानासुद्धा असा धरायची नाही.

म्हातारीने चष्मा नाकावर सरकवला. "माज्या कानात सांगून काय उपेग गो? मना ठावं हाय ताजा होता ता. त्या दिशी कुटं उबी होतीस?"

मी दाखवलं. पाटीसमोर, रस्त्याच्या बाजूला.

"मंग जा तितं. तवा बोल्लीस तसा बोल. तेवड्याच आवाजात."

मी तिथे गेले. भर बाजार. आमच्या बिल्डिंगीतल्या दोन सुना कोलंबी निवडत होत्या, त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी पदर खोचला. चाळीस वर्षांत आवाज बसला असेल असं मला वाटत होतं, पण तो कुठे जातो!

"हिचं पापलेट ताजं होतं!" मी ओरडले. "मी शिळं म्हणाले ते खोटं होतं! मला काही कळत नव्हतं! ताजं होतं!"

सगळा बाजार थांबला. मग पुढे जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. लोकांना "पापलेट" आणि "ताजं" एवढंच ऐकू गेलं. पाचसहा जण पिशव्या उघडत कोपऱ्याकडे सरकले. एक गृहस्थ मला विचारू लागले, "मावशी, कसं दिलं?" आमच्या बिल्डिंगीतल्या त्या दोघी सुनाही आल्या. सुनेची धावपळ उडाली. म्हातारी स्टुलावर बसून खांदे हलवत हसत होती, आवाज न करता, आणि डोळे पुसत होती. पाव तासात पाटी रिकामी झाली. आमच्या रविवारचं तेवढं तिने बाजूला काढलेलं होतं, ते तिने ह्यांच्या पिशवीत टाकलं. माझ्या नव्हे.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, "वेसाव्याला येशील? कुनालाही विचार, घर दाखवतील. जेवायला ये."

मी गेले. आता महिन्यातून एकदा जातेच, रिक्षाने, एकटी. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने बोंबलाचं कालवण केलं होतं. बाहेर ओटीवर बसून आम्ही जेवलो. मी दोन घास खाल्ले आणि राहवलं नाही.

"नारळ नाही घालत तुम्ही?"

"नाय. चिंच आनि मसाला. नारल घातला की माशाची चव जाते."

"चव जाते? अहो, नारळाशिवाय कालवण म्हणजे नुसतं तिखट पाणी!"

तिने पळी हवेत तशीच धरली. "तुला काय ठावं गो? दर मे मयन्यात पंदरा दिस गावाला जाऊन शिकलीस ना तू? काका सगला सांगतान मना."

मी म्हटलं, काका आता घरी गेल्यावर बघा. ती म्हणाली, काकाला काय बोलायचं नाय, काका चांगला मानूस हाय. मी म्हटलं, नारळ घाला आणि एकदा खाऊन बघा. ती म्हणाली, तू उठ माज्या ओटीवरनं. मी म्हटलं, उठते. आणि तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.